सड्यावरचं गाऱ्हाणं

आई जीपमध्ये चढली ती कुणाला न विचारता समुद्राच्या बाजूला जाऊन बसली.

"आये, पुढे बस. मागे हाडां खिळखिळी होतली," मी म्हटलं.

"माझी हाडां माका ठावक. तू बस पुढे."

मी पुढे बसलो नाही. मागेच बसलो, तिच्या समोर. माझ्या शेजारी शालनवहिनी होती. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि ओठ न हलवता पुटपुटली, "भावजी, आज सांगा. आज नाय तर मगे कधीच नाय."

जीप निखाडेसाहेबांनी कुणा मित्राकडून मागून आणली होती. ते स्वतःच चालवत होते आणि दर दोन मिनिटांनी आरशातून माझ्याकडे बघत होते. सांगायचं काम माझ्याकडे आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. थोडक्यात काय, त्या जीपमध्ये एकटी आई सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं. आई तेवढी पदर डोक्यावर घेऊन, कपाळाशी हात धरून खाडीपलीकडच्या पाण्याकडे बघत होती.

ती नेहमीच तशी बघायची. एसटी असो की लग्नाचा टेम्पो, समुद्र दिसेल त्याच बाजूला बसायची. माझा थोरला भाऊ दिगंबर, आमचा दादा, ट्रॉलरवर खलाशी होता. आठ वर्षांपूर्वीच्या वादळात ती ट्रॉलर गेली. बरोबरचे सगळे कुठे ना कुठे किनाऱ्याला लागले, कुणी जिवंत, कुणी तसेच. दादा लागला नाही. मग कुणी म्हणालं वेरावळच्या बंदरात त्याच्यासारखा दिसला, कुणी म्हणालं कराचीच्या तुरुंगात आपली माणसं आहेत त्यात असेल. असं कानावर आलं की मी बर्फाच्या कारखान्यातून रजा घ्यायचो आणि निघायचो. वेरावळ केलं, मालपे केलं. परत आलो की आई काही विचारायची नाही. माझ्या तोंडाकडे बघायची आणि चहा टाकायची.

आमच्या घरी गणपतीत गाऱ्हाणं घातलं जातं, त्यात पहिलं नाव दादाचं असे. बाबा गेल्यापासून गाऱ्हाणं माझ्याकडे आलं होतं. "दिगंबर खय असात थय तेका सुखरूप राख रे म्हाराजा," असं मी म्हणायचो आणि मागून आई आणि वहिनी म्हणायच्या, "व्हय म्हाराजा." मागच्यांनी व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, अशी आमच्याकडची रीत. आईचा आवाज सगळ्यात मोठा असायचा.

आणि आता अशा बाईला मी जाऊन सांगायचं होतं, की तुझ्या सुनेला दुसरं लग्न करायचं आहे.

निखाडे वनपाल होते, चंद्रपूरकडचे. बायको वारलेली, मुलगी तिकडे आजीजवळ. वहिनी बालवाडीची बाई होती. मुलांना घेऊन ती वेळण्याच्या सड्यावर सहलीला गेली, तिथे यांची ओळख झाली. माणूस सरळ होता. चुगली करायलासुद्धा काही सापडेना, याचा मला जरा रागच होता. त्यांची बदली झाली होती, सोमवारी जायचं होतं. त्यांनी वहिनीला विचारलं, आणि वहिनीनं एकच अट घातली, "आईंनी आपल्या तोंडान जा म्हटला तर येतंय. नायतर हयच बरी आसंय." मग ती माझ्याकडे आली. त्यात पितृपंधरवडा चालू. या दिवसांत कुणी लग्नाची गोष्ट काढत नाही. पण सरकारच्या बदलीला पंधरवडा कुठे कळतो?

सडा बघायला यायचं मात्र आईनंच काढलं होतं. निखाडे घरी आले होते, बोलता बोलता म्हणाले की सड्याला आता राखीव म्हणून बोर्ड लागला. आई चुलीपुढून म्हणाली, "माझा म्हायार ता. एकदा दाखवशात?" वहिनीला वाटलं, देवच पावला. मला वाटलं, आता सुटका नाही.

जीप चढ चढून वर आली आणि वारा एकदम अंगावर आला. वेळण्याचा सडा म्हणजे नुसता जांभा कातळ, समुद्राच्या डोक्यावर पसरलेला. उन्हाळ्यात तिथे पाय भाजतात. पण भाद्रपदात त्याच्यावर फुलं येतात. सीतेची आसवं निळी-जांभळी, मध्ये पिवळी सोनकी, कातळाच्या खळग्यांत पाणी. ढग पळत होते. ऊन यायचं आणि जायचं. एका जागी टिकेल असं तिथे काहीच नव्हतं, माझ्यासकट.

"आई, इकडून या जी. दगडावरून चला, फुलावर पाय देऊ नका," निखाडे म्हणाले.

"अरे बाबा, आमी हय भात झोडलंव. गोरवां चारलंव. तुझो बोर्ड काल इलो."

"बरोबर आहे जी. पण आता लोक गाड्या घेऊन येतात न. म्हणून."

"म्हणजे तू सरकारचो राखणदार."

"तसंच समजा," निखाडे हसून म्हणाले.

"आणि तुमच्या मुलखात? थय राखण कोण करता?"

"वेशीवर मारुती आहे. जंगलात शिरायच्या आधी वाघोबा. लाकडाचा असतो, शेंदूर लावलेला. आमच्याकडं त्याला नमस्कार केल्याबिगर कोणी आत जात नाही."

"पावता?"

"मला तर पावला. तेवढ्या वाघांत फिरलो, अजून उभा आहे."

आई हसली. मी मनात म्हटलं, चला, मूड बरा आहे, आत्ताच उरकावं. दोन पावलं टाकून तिच्या बरोबरीला आलो.

"आये, माका तुका एक सांगूचा होता."

"सांग."

"आपली शालनवैनी..."

तेवढ्यात पायाजवळून टिटवी उडाली आणि अशी बोंबलायला लागली, की बोलणं वाहूनच गेलं. तिची पिल्लं असणार तिथे कुठेतरी. डोक्यावर घिरट्या घालून तिनं आम्हाला पार पलीकडच्या खळग्यापर्यंत हाकललं. तिथे पोचल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणी होतंस?"

"काय नाय. वैनीक भूक लागली असात, म्हंटलंय."

"तिचा ती बघीत. तू तुझा बघ."

मागे वळलो तर वहिनीनं कपाळाला हात लावलेला.

चित्रं सड्याच्या मधोमध होती. कुणी, कधी कोरली ते कुणालाच ठाऊक नाही. निखाडे म्हणाले, हजारो वर्षांची असावीत, तेव्हा माणूस शेतीसुद्धा करत नसेल कदाचित. कातळात बोटभर खोल रेषा, आणि त्या रेषांत पावसाचं पाणी. म्हणून त्या दिवशी चित्रं कोरलेली वाटत नव्हती, पाण्यानं काढलेली वाटत होती. एक मोठा मासा. एक वागळी, तो चपटा मासा, शेपटीसकट. आणि एक माणूस. उताणा, हात अंगाशी, पाय फाकलेले, पुरा माणसाएवढा. डोक्याची रेष झिजून गेली होती.

"ही मानवाकृती," निखाडे म्हणाले.

"कसली आकृती? ह्यो निजलेलो," आई म्हणाली. "आमी ह्याका निजलेलोच म्हणू. आमी चेडवा गवताक येव, तेवा एकेक जण ह्याच्यात झोपून बघी. जिचा माप ह्याच्या मापाक बसात, तिचा त्याच वर्सा लगीन."

"तुमचा बसला?" वहिनीनं विचारलं.

"बसला तर! म्हणानच तुझ्या मामंजींच्या पदरात पडलंय." मग ती वहिनीकडे नीट बघत म्हणाली, "तू झोपान बघतंस?"

वहिनीचा चेहरा पडला. "आई, कायतरीच काय!"

"आत पाय नका देऊ जी, रेषा तुटतात," निखाडे घाईघाईनं म्हणाले. ते कानापर्यंत लाल झाले होते. मला आईचा भयंकर राग आला. कुंकवाचा धनी बेपत्ता असलेल्या बाईची अशी थट्टा कोण करतं? आणि वर तिचं ती निवांत होती. वाकून त्या माणसाच्या पायाकडची पाण्यावरची गवताची काडी उचलत होती.

"हे ज्यांनी काढला ते खय गेले?" तिनं निखाड्यांना विचारलं.

"कोणालाच माहीत नाही, आई. नाव नाही, गाव नाही."

"आणि हो कोण?"

"तेही माहीत नाही. काही म्हणतात त्यांचा देव, काही म्हणतात त्यांच्यातला कोणी मेला असेल, त्याच्यासाठी काढला."

आईनं हातातली काडी लांब टाकली. मग म्हणाली, "तुमी फुडे व्हा. माझे पाय दुखतत. मी बसतंय हय वायच."

"मी रवतंय तुझ्याकडे," मी म्हटलं. यापेक्षा बरी वेळ कुठली मिळणार होती?

"तू कशाक? जा म्हणतंय ना. वाऱ्यान माझो जीव जाणा नाय."

तिचा आवाज असा होता की मी मुकाट्यानं निघालो. पदराच्या टोकाला तिनं काहीतरी गाठ मारून आणलेलं मला तेव्हा दिसलं. ती गाठ चाचपत होती. सुपारी असेल, असं मला वाटलं.

सड्याच्या टोकाला निखाडे कुठलंसं झुडूप बघण्याच्या निमित्तानं लांब गेले. शहाणा माणूस. मी आणि वहिनी कड्यावर उभे राहिलो. खाली खाडीचं तोंड, त्यात भरतीचं पाणी शिरत होतं, तिवरांच्या मुळांत पांढरा फेस.

"तुमी सांगणार नाय," वहिनी म्हणाली. "माका समाजला. तुमचा तोंडच सांगता."

"सांगतंय म्हंटलंय ना! ती टिटवी मेली मधीच..."

"टिटवी दर वेळेक नाय येणा, भावजी. काल रात्री पण तुमी असेच उठान अंगणात गेलात. परवा पण."

मी कडेचा दगड उचलला आणि खाली फेकला. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग जे तोंडातून जायला नको होतं तेच गेलं.

"आणि दादा इलो तर?"

ती खाली तिवरांकडे बघत राहिली.

"आज ना उद्या इलो. दारात उभो रवलो. माका विचारल्यान, शालन खय हा? मी काय सांगू? चंद्रपूराक?"

वहिनी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. वाऱ्यानं तोंडावर आलेले केस तिनं दोन्ही हातांनी मागे घेतले.

"ते इले तर तेंका सांगा, आठ वर्सां बघली वाट. नववा झेपला नाय." थोडं थांबून ती म्हणाली, "माका तेंचो आवाज आठवणा नाय, भावजी. तोंड आठवता, फोटो आसा म्हणान. आवाज नाय आठवणा. रात्री दार वाजला की मी उठान बसतंय, आणि मगे भियेतंय, की खरोच इले आणि मी वळखलंय नाय तर?"

मला दादाचा आवाज आठवत होता. अजूनही आठवतो. शीळ घालून मला बंदरावरून हाक मारायचा. तिला कसा काय आठवत नाही, असा रागही आला आणि लगेच तिची कीवही आली. मी तिला सोडायला तयार नव्हतो, हेच खरं. ती घरात होती तोवर दादाची खोली दादाची होती, त्याचा पाट त्याचा होता. ती गेली की आम्ही नुसते आई आणि मुलगा उरणार होतो.

मी मागे वळून बघितलं. दूर, त्या निजलेल्या माणसाच्या उशाशी आई उकिडवी बसली होती. खळग्यातलं पाणी ओंजळीत घेत होती आणि सोडत होती. पुन्हा घेत होती. पाय गार करत असेल, नाहीतर लहानपणचं काही आठवत असेल. म्हातारी माणसं माहेरी आली की पोरवयाची होतात, असं काहीसं मी मनात म्हटलं. तिच्याकडे जावं म्हणून निघालो, आणि मध्येच थांबलो. निखाड्यांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "झालं का बोलणं?" मी मानेनंच नाही म्हटलं. तेही बिचारे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभे राहिले.

"आई नाही म्हणाल्या, तर मी समजून घेईन जी," ते म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." असं कुणी चांगलं वागलं की माझं डोकं आणखीच फिरतं.

आई उठून आमच्याकडे चालत आली. तिच्या लुगड्याचा काठ ओला होता. आल्याबरोबर म्हणाली, "चला. राखणदाराकडे जाऊया. इलंव आणि गाऱ्हाणा न घालता गेलंव तर तो काय म्हणात?"

सडा जिथे उतरतो तिथे देवाची राई आहे. कोणी तिथली काटकीसुद्धा तोडत नाही. वरचा बोर्ड परवाचा, खालची राखण आजोबा-पणजोबांच्या आधीची. आत अंधारलेलं, गार. वारा बाहेरच राहिला आणि अचानक आपल्याच श्वासाचे आवाज ऐकू यायला लागले. एका जुन्या आंब्याच्या बुंध्याशी राखणदाराचा दगड उभा. त्याला नाक-डोळे काही नाहीत. पुढ्यात वाळलेल्या करवंट्या, कुणी लावलेली विझलेली उदबत्ती.

आईनं पिशवीतून नारळ काढला. "वासू, घाल गाऱ्हाणा."

निखाडे चपला काढून बाजूला उभे राहिले. वहिनी आईच्या मागे. मी नारळ हातात धरला आणि नेहमीप्रमाणे सुरू केलं.

"बा म्हाराजा, ह्या सड्याच्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा," दोघी म्हणाल्या.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय म्हाराजा."

"माझो भाव दिगंबर खय असात थय..."

"थांब," आई म्हणाली.

मी थांबलो.

"तसा नको. दी हकडे."

तिनं माझ्या हातातला नारळ घेतला. आमच्याकडे बायका सहसा गाऱ्हाणं घालत नाहीत. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं नारळ दगडापुढे ठेवला, पदराची गाठ सोडली आणि ते टोक दगडावर झटकलं. गाठीत सुपारी नव्हती. कापड भिजलेलं होतं, आणि त्याला दोन-तीन काळे तीळ चिकटून राहिले होते.

तेव्हा मला कळलं, तिनं त्या ओंजळीतून कुणाला पाणी सोडलं ते.

"म्हाराजा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, भाजीवालीशी बोलताना असतो तसा. "तुझी म्हायारवाशीण कितक्या वर्सांनी इली हा. वाटेत कोणाचो पाय नको थय पडलो असात तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"आठ वर्सां मी दर देवाकडे एकच मागलंय. माझो दिगंबर खय असात थय तेका राख म्हणान. तुमी देवांनी आयकलात, नाय आयकलात, मी कोणाक दोष देणा नाय. आता मी तेका पितरांत, माझ्या घोवाच्या पंगतीक बसवलंय. आज तेका पाणी दिलंय. तेका फुडची वाट दाखय. मागे बघूक लावू नको."

ती थांबली. आता व्हय म्हणायचं होतं.

कुणी म्हटलं नाही. वहिनीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. निखाडे खाली बघत होते, त्यांना रीत ठाऊक नव्हती आणि असती तरी हे त्यांचं नव्हतं. राईच्या बाहेर वारा तसाच घोंघावत होता. मी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. व्हय म्हटलं की दादा गेला. वेरावळ नाही, मालपे नाही, कराची नाही. माझ्या एका शब्दावर तो अडकला होता.

आई वळली. माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती घाई होती, ओझं डोक्यावर असताना दार उघडायला सांगणाऱ्या बाईच्या डोळ्यांत असते तशी.

"व्हय म्हण."

"आये..."

"म्हण रे वासू. मी एकट्यान किती वेळ धरू?"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. तो माझा आवाज वाटला नाही.

आईनं मान हलवली आणि पुन्हा दगडाकडे वळली.

"ही माझी शालन. सून म्हणान इली होती. आता दूरच्या मुलखाक जाता. तुझ्या शिवेपर्यंत तू हिच्या वांगडा चल. थयसून फुडे त्यांचो वाघोबा आसा, तेच्या हातात हिचो हात दी. तेका सांग, ही आमची लेक हा, हिका नीट राख."

वहिनी मटकन खाली बसली आणि आईचे पाय धरून मोठ्यानं रडायला लागली. पितृपंधरवडा, परका माणूस, कशाचंच तिला भान नव्हतं. मी व्हय म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या मागून निखाडेसाहेब एकदम केवढ्यांदा तरी ओरडले, "होय महाराजा!"

राईतले पक्षी उडाले. आई दचकली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसताच तिचे खांदे वेगळे हलायला लागले, आणि वहिनीनं तिला खाली ओढून जवळ घेतलं. दोघी त्या ओल्या पाल्यात कितीतरी वेळ तशाच बसून होत्या. निखाडे आणि मी एकमेकांकडे न बघता उभे होतो.

"नारळ फोड," शेवटी आई म्हणाली. "आणि चाय खय मिळता काय बघ."

परत जीपपाशी आलो. मी समुद्राच्या बाजूचं दार उघडून धरलं. आई आली, क्षणभर थांबली, आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूनं चढली. डोंगराकडे तोंड करून बसली. "शालन, तू बस थय," ती म्हणाली. उतार उतरून खाडीच्या पुलापर्यंत आलो तरी तिनं एकदाही मान वळवली नाही. वहिनी मात्र काचेला कपाळ टेकून, दिसेनासं होईपर्यंत पाण्याकडे बघत होती.

नवरात्र संपल्यावर निखाडे रजा काढून आले आणि वहिनीला घेऊन गेले. आईनं तिची ओटी भरली. नंतरची कित्येक वर्षं ती दिवाळीला येत राहिली, आधी दोघं, मग त्यांची आजीजवळची थोरली आणि धाकटा. आई गेली तेव्हाही आली. तिच्या उशाशी तीच बसली होती.

आता गाऱ्हाणं माझ्याकडेच आहे. गणपतीपुढे नारळ ठेवतो, मागे बायको आणि मुलं उभी असतात. गेलेल्यांची नावं घेताना बाबांचं घेतो, आईचं घेतो आणि मग दादाचं. "दिगंबर वारलो, तेका तुझ्या पायाकडे जागा दी रे म्हाराजा." एवढं म्हणायला मला अजून वेळ लागतो, दर वर्षी. मुलांनी दादाला कधी बघितलेलं नाही. त्यांचं लक्ष मोदकांवर असतं.

मी थांबायच्या आतच ती म्हणून मोकळी होतात, "व्हय म्हाराजा!"